भरायचे किती, मढवायचे किती

महाराष्ट्रात घर बांधायला काढलेल्या माणसाच्या तोंडी पहिल्या आठवड्यातच 'ब्रास' हे माप बसते. वाळू ब्रासवर येते, खडी ब्रासवर येते, पायात भरायचा मुरूमही ब्रासवरच येतो. तेव्हा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट जाड असा थर. पुढे भिंती उभ्या राहतात, गिलाव्याचा हिशोब निघतो आणि तोही ब्रासवरच होतो. हा ब्रास मात्र १०० चौरस फुटांचा. फरशीचा आणि रंगकामाचाही तोच. दोन वेगळ्या मापांना एकच नाव असूनही कामावर कोणाचा घोटाळा होत नाही. वाळू ट्रकच्या हौद्यात भरून येते आणि गिलावा भिंतीवर चढतो, हे गवंडी, मुकादम आणि ट्रकवाला या तिघांनाही समोर दिसत असते.

घोटाळा होतो तो वर्गात. आपल्या नववीच्या भूमितीत 'पृष्ठफळ व घनफळ' नावाचे प्रकरण आहे. त्यात इष्टिकाचितीची तीन सूत्रे एकाखाली एक येतात. घनफळ लांबी × रुंदी × उंची. उभ्या पृष्ठांचे क्षेत्रफळ २ (लांबी + रुंदी) × उंची. एकूण पृष्ठफळ २ (लांबी × रुंदी + रुंदी × उंची + लांबी × उंची). मुले ती पाठ करतात आणि चोख म्हणूनही दाखवतात. पण टाकीत पाणी किती मावेल असे विचारले की काही जण चौरस सेंटिमीटरमध्ये उत्तर देतात, आणि टाकीला आतून रंग द्यायला खर्च किती असे विचारले की लांबी, रुंदी आणि उंचीचा सरळ गुणाकार करून मोकळे होतात. गणिताचे पेपर तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला ही उत्तरे ओळखीची आहेत. मुलांना गुणाकार येत नाही असे मुळीच नसते. तिन्ही सूत्रांत जातात ते आकडे तेच, लांबी, रुंदी आणि उंची. मग कोणते सूत्र लावायचे हे मूल अंदाजाने ठरवते.

या पुस्तकाचा सगळा भर त्या अंदाजाच्या जागी एक प्रश्न बसवण्यावर आहे. आकड्यांना हात लावण्याआधी विचारायचे, इथे भरायचे आहे की मढवायचे आहे? पाणी, धान्य, वाळू, काँक्रीट, खोलीतली हवा भरायची असते. रंग, गिलावा, पत्रा, पुठ्ठा, शेततळ्याचे प्लास्टिक मढवायचे असते. हे एकदा ठरले की सूत्र आठवावेसुद्धा लागत नाही, ते समोर बसून तयार करता येते. भरायचे असेल तर तळावर एक एकक उंचीचा एक थर रचा. त्यात लांबी × रुंदी इतके एकक घन बसतात. असे थर उंचीइतके चढवा. मढवायचे असेल तर खोके उलगडून सपाट करा आणि समोर येतात ते सहा आयत मोजा. समोरासमोरचे आयत एकसारखे, म्हणून तिघांची बेरीज करून दुप्पट. झाकण नसेल तर पाचच आयत. भिंतींचाच हिशोब असेल तर चार, आणि ते चारही एका रांगेत उलगडले तर परिमितीइतका लांब व उंचीइतका रुंद असा एकच पट्टा होतो. दुसऱ्या सूत्रात त्या पट्ट्याखेरीज काही नाही.

सरकारी बांधकामाचे मोजमाप ज्या वहीत लिहितात, तिला कामावरची माणसे 'एम.बी.' म्हणतात. तिच्यात संख्या, लांबी, रुंदी, उंची किंवा खोली आणि शेवटी परिमाण असे रकाने आखलेले असतात. पायाची खोदाई लिहिताना लांबी, रुंदी, खोली हे तिन्ही रकाने भरतात. गिलावा लिहिताना लांबी आणि उंची भरली जाते, रुंदीचा रकाना कोरा राहतो. तो कोरा रकाना पाहिला की ही नोंद चौरस मीटरची आहे हे न सांगता कळते. शाळेच्या वहीतही असे रकाने आखून घ्यावेत असे मला मनापासून वाटते. कोणता रकाना कोरा ठेवायचा हे ठरवताना मुलाच्या डोक्यात प्रश्न आपोआप उभा राहील.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त क्षेत्रव्यवहारानंतर खातव्यवहार, चितिव्यवहार, क्रकचव्यवहार आणि राशिव्यवहार अशी प्रकरणे लागोपाठ येतात. खात म्हणजे खड्डा, चिती म्हणजे विटांची रास, क्रकच म्हणजे करवत, राशी म्हणजे धान्याची. आजच्या पाठ्यपुस्तकात आकृत्यांच्या नावांनी प्रकरणे पडतात, घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू. भास्कराचार्यांनी ती कामांच्या नावांनी पाडली. खणणारा, रचणारा, कापणारा, मापणारा अशी चार माणसे, चार कामे आणि चार हिशोब. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याचा शिलालेख आहे, तो इ.स. १२०७ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. म्हणजे हे गणित खानदेशातल्या त्या डोंगरपायथ्याशी एकेकाळी नेमाने शिकवले जावे अशी तजवीज झालेली होती.

खातव्यवहारातले उदाहरण पाहा. खड्डा वाकडातिकडा आहे. लांबी तीन ठिकाणी मोजली तर १०, ११ आणि १२ हात भरते, रुंदी ६, ५ आणि ७ हात, खोली २, ४ आणि ३ हात. तिन्हींची सरासरी काढा, ११, ६ आणि ३. गुणाकार १९८ घनहस्त. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या टाक्या नेहमी काटकोनात आणि पूर्णांकांत असतात. कुदळीने खणलेला खड्डा तसा कधी निघत नाही हे भास्कराचार्य गृहीत धरून चालतात, आणि इष्टिकाचितीचे सूत्र अशा ओबडधोबड खड्ड्यालाही अदमासे कसे लावायचे ते विद्यार्थ्याला पहिल्याच उदाहरणात शिकवतात. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, म्हणून या पुस्तकातही मोजमापाचे पहिले उदाहरण वाकड्या खड्ड्याचेच घेतले आहे.

क्रकचव्यवहारात हिशोबाची जातच बदलते. ओंडका बुंध्याशी २० अंगुळे जाड, शेंड्याशी १६ अंगुळे, लांबी १०० अंगुळे आणि चार ठिकाणी उभा चिरायचा. सरासरी जाडी १८. तिला लांबीने गुणले, मग चार चिरांनी गुणले, आणि ५७६ ने भागून उत्तर आले साडेबारा चौरस हात. एका हातात २४ अंगुळे, म्हणून एका चौरस हातात ५७६ चौरस अंगुळे. ओंडक्यात लाकूड किती आहे याची इथे चौकशीच नाही. करवत चालवणाऱ्याचे श्रम करवत जितक्या पृष्ठावरून फिरली तितके, म्हणून मोजायचे ते पृष्ठ. खणणाऱ्याची मजुरी घनफळावर, चिरणाऱ्याची पृष्ठफळावर, हा भेद साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या ग्रंथात इतका स्वच्छ आहे. शिवाय भास्कराचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. माल मऊ आहे की कठीण ते पाहून कारागिरांच्या संमतीने दर ठरवावा असेही ते सांगतात. गणित परिमाण देते, दर माणसांनी बसून ठरवायचा. ही मर्यादा सांगणारे गणिताचे पुस्तक मला आदरणीय वाटते.

चितिव्यवहारातल्या उदाहरणापाशी मात्र मी वाचकाला जरा जास्त वेळ थांबवणार आहे. वीट १८ अंगुळे लांब, १२ अंगुळे रुंद, ३ अंगुळे जाड. रास ८ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच. राशीचे घनफळ १२० घनहस्त. विटेचे घनफळ हातांत काढले तर पाऊण × अर्धा × एक अष्टमांश, म्हणजे तीन चौसष्टांश घनहस्त. भागाकार केला की विटा २५६०. थर किती, तर ३ हातांत ३ अंगुळांचे २४. एवढे भास्कराचार्य सांगतात. आता आपण पुढे जाऊ. २५६० ला २४ ने भागा. एका थरात १०६ विटा आणि वर दोन तृतीयांश. पूर्ण विटांनी एकही थर पुरा होत नाही! लांबी तपासली तरी तेच, ८ हात म्हणजे १९२ अंगुळे, त्यात १८ अंगुळांच्या विटा नेमक्या बसत नाहीत. म्हणजे २५६० विटांचे द्रव्य त्या राशीत बरोबर मावते, पण विटा आडव्या ठेवून असे २४ थर लावायचे तर विटा तोडल्याशिवाय ती रास रचता येत नाही. घनफळाचे गणित 'किती' एवढेच सांगते, 'कसे बसेल' ते सांगत नाही. गवंडी हाताशी अद्धे, म्हणजे अर्ध्या विटा, ठेवतो ते यासाठीच.

'मावणे' आणि 'बसणे' यांतले अंतर किती खोल जाते, याचे एक सुंदर उदाहरण नेदरलँड्सच्या गणितात आहे. तिथले गणितज्ञ न. ख. द ब्राउन यांच्या लहान मुलाला खेळताना आढळले की १ × २ × ४ मापाचे ठोकळे ६ × ६ × ६ च्या पेटीत काही केल्या पुरे बसत नाहीत. पेटीचे घनफळ २१६, ठोकळ्याचे ८, भागाकार नेमका २७. तरी सत्ताविसावा ठोकळा आत जात नाही. वडिलांनी यावर विचार करून १९६९ मध्ये पेट्या आणि विटांवरचा एक निबंध प्रसिद्ध केला. ठोकळा का बसत नाही हे सातवीतल्या मुलालाही समजावता येते. पेटीचे २ × २ × २ मापाचे २७ तुकडे कल्पा आणि त्यांना बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा. काळे १४ होतील, पांढरे १३. एकक घनांत मोजले तर काळे ११२ आणि पांढरे १०४. आता १ × २ × ४ चा ठोकळा कसाही ठेवा, आडवा, उभा, कोपऱ्यात. त्याची लांबी चार असल्यामुळे तो नेहमी चार काळे आणि चार पांढरे घन झाकतो. २७ ठोकळे बसले असते तर काळे-पांढरे समसमान झाकले गेले असते, आणि पेटीत तर ते समसमान नाहीत. म्हणून बसणार नाहीत. सिद्धता संपली. दहा ओळींत संपणारी, बीजगणिताची गरज नसलेली आणि तरीही पूर्ण अशी ही सिद्धता प्रत्येक मुलाने एकदा स्वतः रंग देऊन अनुभवावी.

हडप्पा संस्कृतीच्या शहरांत सापडणाऱ्या विटांचे प्रमाणही हेच आहे. जाडी, रुंदी आणि लांबी १ : २ : ४. घरांच्या भिंतींत साधारण ७ × १४ × २८ सेंटिमीटर, तटबंदीसारख्या मोठ्या बांधकामात १० × २० × ४० सेंटिमीटर. मापे बदलली तरी प्रमाण टिकले. हे प्रमाण गवंड्याच्या सोयीचे आहे. दोन विटा शेजारी ठेवल्या की एका विटेची लांबी भरते, म्हणून आडवी आणि उभी वीट एकाच भिंतीत सांध्याला सांधा न येऊ देता बसवता येते. आज आपल्याकडची प्रमाणित वीट १९ × ९ × ९ सेंटिमीटरची असते आणि मसाल्यासह ती २० × १० × १० ची धरतात. म्हणून एका घनमीटर बांधकामाला ५०० विटा हा हिशोब प्रत्येक कंत्राटदाराला तोंडपाठ असतो. त्या ५०० विटांचे स्वतःचे घनफळ सुमारे ०.७७ घनमीटरच भरते. उरलेले जवळजवळ पाव घनमीटर मसाल्याचे.

पुन्हा भास्कराचार्यांच्या राशीकडे येऊ, कारण मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते तिथेच दडलेले आहे. त्या राशीचे पृष्ठफळ किती? २ (४० + १५ + २४), म्हणजे १५८ चौरस हात. एका सुट्या विटेचे पृष्ठफळ १७/१६ चौरस हात. २५६० सुट्या विटांचे मिळून २७२०. विटांच्या घनफळांची बेरीज केली तर राशीचे घनफळ मिळते, पण विटांच्या पृष्ठफळांची बेरीज राशीच्या पृष्ठफळाच्या सतरा पटींहून जास्त होते. विटेला वीट लागली की दोघींची एकेक बाजू झाकली जाते. घनफळाची बेरीज होते, पृष्ठफळाची होत नाही. दोन घन चिकटवले तर घनफळ एक आणि एक दोन, पृष्ठे मात्र सहा आणि सहा मिळून दहाच. मुलांना हे एकदा हातात दोन ठोकळे देऊन दाखवले तर घनफळ आणि पृष्ठफळ यांचे स्वभाव वेगळे आहेत हे त्यांच्या कायमचे लक्षात राहते. पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट फारच ओझरती येते याची मला खंत आहे.

भिंतीच्या कोपऱ्यावर हाच मुद्दा पैशांत उतरतो. आतून ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच अशी खोली घ्या. भिंती २३ सेंटिमीटर जाड. भिंतींचे घनफळ काढताना बाहेरची परिमिती १५.८४ मीटर धरली, तर १५.८४ × ०.२३ × ३ म्हणजे सुमारे १०.९३ घनमीटर येते. पण यात चारही कोपरे दोनदा मोजले गेले. भिंतीच्या मध्यरेषेची परिमिती १४.९२ मीटर घेतली की कोपरा एकदाच मोजला जातो आणि उत्तर येते १०.२९. फरक सुमारे ०.६३ घनमीटरचा, म्हणजे तीनशेहून जास्त विटांचा. घनफळ बेरजेने चालते खरे, पण प्रत्येक तुकडा एकदाच मोजला तरच. गिलाव्याला मध्यरेषा उपयोगाची नाही. आतला गिलावा आतल्या परिमितीवर, ४२ चौरस मीटर. बाहेरचा बाहेरच्या परिमितीवर, ४७.५२ चौरस मीटर. नंतर दारे-खिडक्यांची वजावट. एकाच खोलीला तीन वेगळ्या परिमिती लागतात, आणि कोणती कुठे हे सूत्र सांगत नाही, भिंत डोळ्यांपुढे आणली तरच समजते.

आता एकाच घनफळाला किती वेगवेगळी पृष्ठफळे असू शकतात ते पाहू. एक लिटर म्हणजे १००० घनसेंटिमीटर. १० × १० × १० चा घन घेतला तर पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर. २० × १० × ५ चे खोके घेतले तर ७००. ४० × २५ × १ अशी पसरट तबकडी घेतली तर २१३०. आत मावते तेवढेच, पण पुठ्ठा तिपटीहून जास्त लागतो. ठरावीक घनफळाच्या सगळ्या इष्टिकाचितींत सर्वांत कमी पृष्ठफळ घनाचे असते. मग बाजारातली सगळी खोकी घनाकृती का नसतात? कारण खोके कपाटात बसायचे असते, हातात धरता यायचे असते, त्यावर नाव छापायचे असते. पुठ्ठ्याची बचत हा अनेक कारणांतला एक धागा. असे प्रश्न वर्गात उघडे सोडावेत. मुले घरातली खोकी मोजून आणतात आणि त्यांच्या कारणांची यादी आपल्यापेक्षा मोठी निघते.

उलट दिशेनेही जाता येते. एक मीटर बाजूची बर्फाची लादी, पृष्ठफळ ६ चौरस मीटर. तिचे दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे केले तर तुकडे होतात हजार, प्रत्येकाचे पृष्ठफळ ०.०६ आणि एकूण ६० चौरस मीटर. बर्फ तेवढाच, उघडे अंग दहापट. मुंबईच्या धक्क्यांवर मासळीवर लादी न ठेवता बर्फ फोडून पसरतात तो यामुळेच. मासळीला थंडावा पृष्ठातून मिळतो. आणि तोच बर्फ दूर न्यायचा असेल तर अखंड लादी भुशात गुंडाळून नेतात, कारण वितळणेही पृष्ठातूनच होते. सगळ्या बाजू दुप्पट केल्या तर पृष्ठफळ चौपट आणि घनफळ आठपट, हा नियम परीक्षेत एका गुणाला येतो. १६३८ साली गॅलिलिओने आपल्या अखेरच्या ग्रंथात याच नियमावरून दाखवले की प्राणी मोठा होत गेला तर त्याचे वजन घनाने वाढते आणि हाडाची ताकद छेदाच्या क्षेत्रफळाने, म्हणून मोठ्या प्राण्याचे हाड प्रमाणाबाहेर जाड असावे लागते. मुंगीच्या आकाराचा हत्ती किंवा हत्तीच्या आकाराची मुंगी का नसते याचे उत्तर नववीच्या दोन सूत्रांत आहे, ही गोष्ट कळल्यावर ती सूत्रे कंटाळवाणी राहत नाहीत.

एककांबद्दल थोडक्यात. एका मीटरात १०० सेंटिमीटर, एका चौरस मीटरात १०,००० चौरस सेंटिमीटर, एका घनमीटरात १०,००,००० घनसेंटिमीटर आणि १००० लिटर. सगळे मापन आधी एकाच एककात आणा, मग गुणा. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत धरणांचे आकडे 'टीएमसी'त येतात. हजार दशलक्ष घनफूट म्हणजे किती हे डोळ्यांपुढे आणायचे असेल तर लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १००० फूट असलेला घन कल्पावा. तो भरला की एक टीएमसी. कोयनेच्या धरणात असे १०५ घन मावतात. आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीची इष्टिकाचिती, बरोबर एक लिटर. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडत असेल तर ७०,००० लिटर पाणी तिच्यावरून जाते. आपल्या गावाचा पाऊस आणि आपले छप्पर घेऊन हा गुणाकार प्रत्येक वाचकाने करावा अशी माझी विनंती आहे.

पुस्तकाचा शेवटून दुसरा भाग शेततळ्यावर आहे, कारण आपल्याकडे आज इष्टिकाचितीचे गणित थेट पैशांनिशी जिथे लागते अशी ती एक जागा आहे. आणि शेततळे इष्टिकाचिती नसते! माती ढासळू नये म्हणून बाजू उतरत्या असतात. वर ३० × ३० मीटर, तळाशी २४ × २४ मीटर, खोली ३ मीटर असे तळे घ्या. वरचे माप धरून गुणाकार केला तर २७०० घनमीटर. तळाचे धरून १७२८. मधले माप २७ धरले तर २१८७. खरे उत्तर २१९६. ते काढायची रीत पुन्हा 'लीलावती'तच आहे. तोंडाचे क्षेत्रफळ ९००, तळाचे ५७६, आणि दोन्हीकडच्या बाजू मिळवून होणाऱ्या ५४ × ५४ च्या आयताचे २९१६. तिघांची बेरीज ४३९२. सहाने भागून ७३२. खोलीने गुणून २१९६. सरासरीच्या रीतीत हुकलेले ९ घनमीटर म्हणजे ९००० लिटर पाणी, जवळजवळ एक टँकर. उन्हाळ्यात डाळिंबाच्या बागेला तेवढे पाणी काय किमतीचे असते हे शेतकऱ्याला सांगायला नको. याच तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरायचा तर तळाचे ५७६ आणि चार उतरत्या बाजूंचे मिळून सुमारे ४५८, असे १०३४ चौरस मीटर, शिवाय काठावर चरात दाबायला लागेल तेवढे अधिक. उतरती बाजू ३ मीटरची धरून चालणार नाही, ती ४.२४ मीटर भरते. कागद कमी पडला तर जोड द्यावा लागतो आणि जोडातून गळती सुरू होते. पाणी किती आणि कागद किती हे दोन्ही प्रश्न एकाच तळ्याचे आहेत, पण एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे मिळत नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना. सूत्रे फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना एक आठवडा नुसते खोके उलगडू द्यावे आणि ठोकळे रचू द्यावे. टूथपेस्टचे, चहाचे, औषधाचे खोके आणा, कडेने कापा, सपाट करा. चिकटवायच्या पट्ट्या सूत्रात नसतात पण पुठ्ठ्यात असतात हेही त्यांना दिसेल, आणि प्रत्यक्ष पुठ्ठा पृष्ठफळापेक्षा जास्त का लागतो ते वेगळे शिकवावे लागणार नाही. पालकांनी घरातली पाण्याची टाकी आतून आणि बाहेरून मोजायला द्यावी. हुशार मुलाला पहिल्याच तासात भिंतीची जाडी सापडते.

शेवटचा भाग ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी आहे. एक इष्टिकाचिती घ्या, बाजू ४४, ११७ आणि २४०. तिच्या तिन्ही प्रकारच्या पृष्ठांचे कर्ण पायथागोरसच्या प्रमेयाने काढा. ते १२५, २४४ आणि २६७ येतात, तिन्ही पूर्णांक. पाउल हाल्के या जर्मन गणितज्ञाने १७१९ मध्ये ही मापे शोधली आणि याहून लहान बाजूंची अशी इष्टिकाचिती नाही. आता एका कोपऱ्यापासून आतून थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण काढा. त्याचा वर्ग ७३,२२५ येतो आणि त्याचे वर्गमूळ पूर्णांक नाही. बाजू, पृष्ठांचे कर्ण आणि हा आतला कर्ण असे सगळेच पूर्णांक असलेली इष्टिकाचिती अस्तित्वात आहे का? संगणकांनी प्रचंड मोठ्या आकड्यांपर्यंत शोध घेऊनही अशी एकही सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही. त्या भागातली उदाहरणे हाताने सोडवण्याजोगी ठेवली आहेत. वाचकाने वर्ग आणि वर्गमुळे स्वतः काढावीत, आणि तिसऱ्या उदाहरणापर्यंत उत्तरांचे पान उघडू नये.